कोरा हात

होडी काढली मी. अगदी बिनधास्त काढली. रविवारी सकाळी लेक आली, चहाचा कप बाजूला सारून तिनं माझ्यापुढं एक कागद सरकवला आणि म्हणाली, "बाबा, आजीच्या हातावर गोंदलेलं होतं ना, ते काढून द्या. तुमचा हात बसलेला आहे." बसलेला म्हणजे काय, चाळीस वर्षं पेन्सिलीवर पोट भरलंय. मी टोक नखावर घासून पाहिलं आणि अर्ध्या मिनिटात चित्र उतरवलं. खाली गोल पोट, पुढच्या टोकाला वर उचललेली नाळ, मधे दोन उभ्या काठ्या, नाळेच्या वर थोडे ठिपके. ठिपके नक्की किती ते आठवेना, म्हणून पाच टाकले. लेक बघतच राहिली. "हे काय? होडी?" म्हटलं, होडीच होती. "बाबा, पक्षी होता. दाणे टिपणारा." मी हसलो. म्हटलं, तू केवढीशी होतीस तेव्हा, तुला काय आठवणार. कपड्यांच्या घड्या घालता घालता आतून ही ओरडली, "अहो, पक्षीच होता. शेवटची दहा वर्षं त्यांच्या त्या हाताला तेल कोण चोळत होतं?" मग मी चिडलो. माझा हा स्वभावच आहे, चुकतोय असं जरा वाटलं की माझा आवाज चढतो. म्हटलं, मी जन्म दिलेल्या आईचा हात मला माहीत नसणार, आणि तुम्हाला दोघींना माहीत! बोललो उलटंच, तिनं मला जन्म दिला होता. पण दोघी हसल्या नाहीत, मी रागात होतो म्हणून. लेकीनं नुसता कागद आपल्याकडं ओढला, आणि ती समोर बसलेली असल्यामुळं तो तिच्याकडं जाताना फिरला. होडीचं पोट पाठ झालं, नाळ खाली गेली ती मान झाली, काठ्यांचे पाय झाले आणि आभाळातले ठिपके जमिनीवर पडले. "अय्या, हा काय पक्षी! बाबा, तुम्ही उलटा काढलात!" मग मात्र दोघी पोट धरून हसल्या. मीही हसलो. हसता हसता माझे कान गरम झाले, कारण ते चित्र मी उलटं कुठं पाहिलं होतं हे मला तत्क्षणी आठवलं.

हसणं ओसरल्यावर लेकीनं सांगितलं की शनिवारी चार वाजताची वेळ घेतलीय, तेच चित्र ती डाव्या हातावर गोंदवून घेणार. ती रक्त तपासणीच्या लॅबमधे काम करते, दिवसभर लोकांचे दंड बांधायचे आणि शीर शोधायची. मी विचारलं, हे कशाला आता या वयात? चाळिशीला आलीस. ती म्हणाली, "मुलं येतात ना बाबा, सुई बघून भोकाड पसरतात. मला ताप आला की आजी हात समोर धरायची आणि दाणे मोजायला लावायची. मोजता मोजता कडू औषध कधी पोटात जायचं कळायचं नाही. तेच करणार आहे. एका हातानं सुई, दुसऱ्या हातावर दाणे. म्हणून खरे होते तेवढेच हवेत. अंदाजे नको, जन्माचं काम आहे." मी म्हटलं, तुमच्या लॅबमधे चालतं हे? ती म्हणाली, नोकरीला लागले तेव्हा मुलाखतीत बाह्या वर करून बघायचे, आता आमच्या मोठ्या डॉक्टरांच्याच मनगटावर वेल आहे. मग ती रंगात येऊन सांगत बसली, रोज कुणाकुणाच्या हातावर काय काय बघते. एकाच्या हातावर मेलेल्या कुत्र्याचा पंजा, एकाच्या हातावर कुठलं औषध चालत नाही त्याचं नाव, बेशुद्ध पडलो तर कळावं म्हणून. एका बाईच्या हातावर तिच्या नवऱ्याचं नाव, आणि त्यावर पुढं काढलेलं मोठं फूल. "आणि आजीनं का काढलं होतं माहितीये?" लेकीनं विचारलं. मला माहीत नव्हतं. "सोळा वर्षांची होती. कामाला सुट्टी होती, मैत्रीण म्हणाली चल. पक्षी आजीनंच सांगितला. आणि म्हणाली, दाणे जरा जास्त घाल, उपाशी नको राहायला. नुसती हौस हो बाबा. तुम्हाला कधी सांगितलं नाही?" नाही सांगितलं. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

"आईला सात आठवतात, मला सहा," लेक म्हणाली. "मोठ्या फोटोत मोजू की." आणि मी काही बोलायच्या आत ती खुर्चीवर चढली आणि भिंतीवरचा आईचा फोटो काढून तिनं खिडकीशी नेला. फोटो उत्तम आहे. आमच्या स्टुडिओच्या मालकांनी स्वतः काढलेला, आई खुर्चीत बसलेली, अर्ध्या बाह्या, डावा हात मांडीवर. लेकीनं काच पुसली, डोळे बारीक केले, मोबाइलचा उजेड टाकला. हात कोरा. मनगटापासून कोपरापर्यंत लोण्यासारखा कोरा. "यात तर काहीच नाही," ती म्हणाली. "असं कसं?" घरात आईचे इतर फोटो आहेत, पण त्या सगळ्यांत तिच्या बाह्या मनगटापर्यंत आहेत. मी सत्तरीचा माणूस, एकुलत्या एका लेकीच्या डोळ्याला डोळा न देता म्हणालो, "त्या वेळचे दिवे फार तेज असायचे. प्रकाशात बारीकसारीक उडून जायचं." हे वाक्य तोंडातून निघालं आणि लक्षात आलं, ते नवं नव्हतं. शब्दन् शब्द मी ते एकदा वापरलेलं होतं. लेकीनं "हां" म्हटलं आणि फोटो परत टांगला. हिनं माझ्याकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि पुन्हा घड्या घालायला लागली.

मी रिटचर होतो. आता हा शब्दही कुणाला कळत नाही. स्टुडिओत माणसाचा फोटो काढला की निगेटिव्ह माझ्याकडं यायची, पोस्टकार्डापेक्षा मोठी, आणि मी ती दुधी काचेवर ठेवून, खालून उजेड घेऊन, भिंगातून तिच्यावर पेन्सिल चालवायचो. निगेटिव्हमधे सगळं उलट. काळं ते पांढरं. माणसाच्या गालावर काळा डाग असेल तर निगेटिव्हवर तिथं उजेडाचं भोक दिसतं, ते भोक पेन्सिलीनं हळूहळू भरत न्यायचं, आजूबाजूच्या कातडीइतकं झालं की थांबायचं. छापल्यावर डाग गेलेला असतो. पेन्सिल सुईसारखी लांब तासायची, रेघ मारायची नाही, नुसतं टेकवायचं, मुंगीच्या पायासारखं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निगेटिव्ह उलटी धरायची, डोकं खाली, पाय वर. मालकांनी मला पहिल्या दिवशीच शिकवलं. म्हणाले, "चेहरा सुलटा दिसला की माणूस दिसतो, माणूस दिसला की हात अडखळतो. उलटा धर, मग नुसते डाग दिसतात." खरंच होतं ते. मी हजारो माणसं उलटी टांगून साफ केली आणि त्यांतला एकही रस्त्यात ओळखला नसता. या गोष्टीचा मला अभिमान होता. आता लिहिताना लाज वाटते, पण होता.

गोंदण काढायचं काम वरचेवर यायचं. गिऱ्हाईक सांगो न सांगो, ते काढायचंच, अशी मालकांची शिस्त. कपाळावरचा ठिपका, हनुवटीवरचे तीन, हातावरची नावं. बायका दिव्यासमोर बसल्या की आपोआप हात बाहीत ओढून घ्यायच्या, त्यांना कुणी सांगावं लागायचं नाही. एक बँकेतला माणूस आला होता, नोकरीच्या अर्जाला फोटो हवा म्हणून. त्याच्या मनगटावर एका मुलीचं नाव होतं. अर्जाच्या फोटोत मनगट येतच नाही हो, म्हटलं, तर म्हणाला, नका येऊ देऊ, पण तरी पुसा. त्या काळी हातावर काही असणं म्हणजे अडाणीपण, हमाली, जहाजावरचं काम, नाहीतर तुरुंग. शिकलेल्या माणसाचं अंग कोरं. आणि माझ्या निवृत्तीच्या वर्षी, तोवर सगळं संगणकावर गेलेलं, एक पोरगा मानेवर सिंह घेऊन आला आणि म्हणाला, "काका, फोटोत जरा फिका दिसतोय, उठाव द्या ना." मी दिला. आमच्या आख्ख्या धंद्याचा कुणीतरी कान धरलाय असं वाटत होतं.

आई एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात होती. चादरी, टॉवेल, वाफ. तिच्या बाह्या कायम कोपराच्या वर सरकवलेल्या असायच्या, आणि हातावर ते हिरवट काहीतरी असायचं. काहीतरी, असंच मी ते लहानपणापासून बघत आलो, म्हणजे बघत नाही आलो. एकदा ती कामावरून तशीच शाळेत आली, माझा डबा राहिला होता म्हणून. वर्गातल्या एकानं विचारलं, तुझ्या आईच्या हाताला शाई लागलीय का? मी म्हटलं, हो, शाईच आहे. ती दोन पावलांवर उभी होती. तिनं ऐकलं असेल की नसेल याचा विचार मी इतक्या वेळा केलाय की आता तिचा त्या वेळचा चेहरा मला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी आठवतो. डबा देऊन ती गेली एवढं खरं. नंतर रस्त्यानं मी तिच्याबरोबर चालायचो तेव्हा उजव्या बाजूनं चालायचो, गोंदलेला हात पलीकडं राहावा म्हणून. ती काही बोलली नाही. आईनं न बोललेल्या गोष्टींचीच मला जास्त भीती वाटते.

फोटो काढला माझ्या लग्नाच्या बोलण्याच्या वेळी. हिचे वडील दुसऱ्या शहरात शिक्षणखात्यात होते, त्यांना घरातल्या मंडळींचे फोटो पाठवायचे होते. मालक म्हणाले, आईला घेऊन ये, मी काढतो. रविवारी तिला नेलं. लांब बाह्यांचं घाल असं मी तीनतीनदा सांगितलं होतं, तर म्हणाली उकडतं, आणि आपल्या आवडीचं अर्ध्या बाह्यांचं घालून आली. मालकांनी तिचा हात मांडीवर ठेवला, पंजा आत वळवून. ते कॅमेऱ्याकडं गेले की हात पुन्हा बाहेर वळलेला. दोनदा असं झालं. मी कोपऱ्यातून म्हटलं, "आई, हात नीट ठेव ना." ती म्हणाली, "नीटच आहे." मालक कंटाळले आणि त्यांनी बटण दाबलं. मला वाटलं, आईला बसता येत नाही, सवय नाही. म्हातारी नव्हती ती तेव्हा, पन्नाशीचीही नव्हती, पण आपली आई म्हणजे अडाणी, हे माझं इतकं पक्कं होतं की दुसरं काही सुचलंच नाही. मग मी ती निगेटिव्ह घेऊन बसलो, उलटी धरून. तीन दुपारी लागल्या. गोल पोट भरलं, नाळ भरली, दोन काठ्या भरल्या, वरचे ठिपके एकेक करून भरले. इतकं सफाईदार काम मी आधी कधी केलं नव्हतं. मालकांनी भिंगातून पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांनी एरवी कधी कुणाच्या पाठीवर थाप मारलेली मला आठवत नाही. फोटो आईला दाखवला तेव्हा ती त्याच्याकडं पुष्कळ वेळ बघत राहिली. मग तिनं काय विचारलं, मी काय सांगितलं आणि त्यावर ती काय बोलली, हे मी त्या रविवारपर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं, हिलासुद्धा नाही. त्यानंतर कुणीही कॅमेरा काढला की आई आधी बाह्या खाली ओढायची.

रविवारनंतरचे दिवस वाईट गेले. भाजीच्या दुकानात गल्ल्यावरच्या मुलीच्या बोटांवर चंद्र, दूध घ्यायला उभा राहिलो तर पुढच्याच्या पोटरीवर कोळी, आणि मला ते सगळे उलटे दिसायला लागले. मी मान वाकडी करून लोकांच्या हातांकडं बघतो, हे एका बाईच्या लक्षात आलं आणि तिनं असा कटाक्ष टाकला की मी सुटे न घेताच निघालो. खरं तर उपाय मला रविवारीच माहीत होता. निगेटिव्हवरची पेन्सिल पक्की नसते. टर्पेंटाइनमधे बुडवलेला कापूस फिरवला की चाळीस काय, शंभर वर्षांची पेन्सिल निघते आणि खाली मूळ जे असेल ते जसंच्या तसं. ती निगेटिव्ह माझ्याजवळ होती, कपाटात, कागदी पाकिटात. अडचण एवढीच होती की पुसलं की लेक विचारणार, पुसलं म्हणजे काय पुसलं? तिला माझ्याबद्दल फार चांगलं वाटतं. माझे बाबा कलाकार होते, असं ती लॅबमधे सांगते. मी दाणे सात सांगितले असते तरी तिनं विश्वास ठेवला असता. बुधवारी फोन उचललाही होता, सात म्हणायला. पण मग कुणातरी लेकराला ती पुढची वीस वर्षं माझा खोटा आकडा मोजायला लावणार, हे डोळ्यांपुढं आलं आणि मी फोन ठेवला.

गुरुवारी दुपारी मी खिडकीच्या काचेला पांढरा कागद चिकटवला, त्यावर निगेटिव्ह धरली आणि बाटली उघडली. त्या वासासरशी ही येऊन मागं उभी राहिली. मी म्हटलं, जरा काम आहे. ती म्हणाली, "पुसताय वाटतं. बरं झालं." माझ्या हातातला कापूस तसाच राहिला. "तुला माहीत होतं?" "अहो, लग्नाआधी फोटोत हात कोरा, आणि मी या घरात आले तर पाणी द्यायला सासूबाई आल्या तो हात हिरवा. मी काय आंधळी आहे? नंतर वडिलांनी विचारलंही होतं, जावई स्टुडिओत नेमकं काय करतो? म्हटलं, डाग काढतो." "मग बोलली का नाहीस कधी?" "काय बोलायचं? तुम्ही बोलाल म्हणून त्या वाट बघत होत्या, त्या बघतात म्हणून मी. मग त्या गेल्या." हे ती इतकं साधेपणानं म्हणाली, दूध उतू गेलं म्हणावं तसं. मला वाटलं होतं माझं एक गुपित आहे. ते घरभर होतं, फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं. मला तोंड लपवावंसं वाटलं, पण हातात कापूस आणि निगेटिव्ह, तोंड लपवायला हात मोकळा नव्हता.

मी पुसलं. या खेपेला सुलटी धरून. आधी राखाडी माती निघाली, माझ्या तीन दुपारी कापसाच्या एका बोळ्यावर आल्या, आणि खाली तो उजेडाचा पक्षी दिसायला लागला. मान खाली घातलेला, जरा पोट सुटलेला, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. कुणा घाईतल्या माणसानं काढलेला. समोर दाणे. मी मोजले, हिनं मोजले. नऊ. आणि मग पहिल्यांदा मी तो हात पाहिला, आख्खा, जोडलेल्या बाईसकट. पंजा वर, मनगट बाहेर, कोपर मुद्दाम थोडं पुढं. तिला बसता येत नव्हतं असं नव्हतं. ती दाखवत होती. आयुष्यात एकदाच मोठ्या कॅमेऱ्यासमोर बसली आणि स्वतःच्या हौसेची एक गोष्ट तिला फोटोत यायला हवी होती, म्हणून अर्ध्या बाह्या, म्हणून ते "नीटच आहे." आणि कोपऱ्यातून मी तिला हात नीट ठेव म्हणत होतो. ही म्हणाली, "रडताय काय, बाटलीचं झाकण लावा आधी."

शनिवारी चार वाजता मी लेकीबरोबर गेलो. निगेटिव्ह खिशात, पाकिटात. मला वाटलं होतं अंधारी खोली असेल, तर दवाखान्यासारखी लख्ख, आणि गोंदणारी मुलगी हातमोजे घालून बसलेली, गळ्यापासून खाली सगळी नक्षी. तिच्या टेबलावर चित्र छापून घ्यायला खालून उजेड येणारी दुधी काच होती. मी ती बघून दारातच थबकलो. चाळीस वर्षं मी जिच्यावर माणसं कोरी केली तीच काच, ही पोरगी तिच्यावर चित्र उतरवून घेते. तिनं निगेटिव्ह ठेवली आणि म्हणाली, "काका, हे कशावर आहे? किती बारीक आलंय! आणि हे इतके दिवस गेलं कुठं होतं?" लेक माझ्याकडं बघायला लागली. "हो ना बाबा. फोटोत तर नाही."

मग मी सांगितलं. उभ्याउभ्या, परक्या मुलीसमोर. दिवे तेज नव्हते, मी पुसलं, तुझ्या आईच्या माहेरी दिसायला नको म्हणून, आणि त्याच्याही आधीपासून मला ते दिसायला नको होतं म्हणून. शाईचंही सांगितलं. गोंदणारीनं उगाच बाटल्या सरळ केल्या. तिनं पक्षी हातावर छापून घेतला, यंत्र सुरू केलं, आणि पक्षी होऊन पहिला दाणा टेकल्यावर लेकीनं माझ्याकडं न बघता विचारलं, "फोटो बघून आजी काय म्हणाली?"

"म्हणाली, हात छान आलाय. कुणाचा?"

"मग?"

"मी म्हटलं, तुझाच. दिवे फार तेज असतात, प्रकाशात बारीकसारीक उडून जातं."

"त्यावर?"

"म्हणाली, असेल बाबा. तुमच्या तिथला प्रकाश फार शिकलेला दिसतो."

लेक फसकन हसली. माझ्या आईसारखीच हसते ती, नाकातून. गोंदणारी म्हणाली, "हलू नका." मग लेक हसायची थांबली, पण हात हलतच राहिला, आणि मी बघितलं तर ती रडत होती. "हलू नका ना," गोंदणारी पुन्हा म्हणाली, "काका, जरा धरा त्यांचा हात." मी टेबलाच्या पलीकडून तिचं मनगट धरलं. समोर बसलो होतो, त्यामुळं मला तिथून पुन्हा होडीच दिसत होती, गोल पोट, दोन काठ्या, वर ठिपके. मी मनगट सोडलं, उठलो, आणि टेबलाला वळसा घालून लेकीच्या बाजूला जाऊन बसलो. तिनं मला सरकून जागा दिली. चार दाणे झाले होते, पाच राहिले होते.